दोन लिटर पिणारा माणूस

१

डॉ. अनंतराव दाणी वारले, आणि चौथ्या दिवशी त्यांचं मत बदललं.

मोनाली गजभियेनं समोरचा कागद तीनदा वाचला. तीन पानं, टाइप केलेली. शेवटच्या पानावर फक्त अनंतरावांची सही, तीच लांबट शेपटीची. खाली कार्यालयाचा जांभळा आवक शिक्का, १२ मे. आणि वर, दुसऱ्या पानाच्या शेवटी, एक ओळ: ‘मॉडेलची पद्धत योग्य असून ते स्वीकारण्यास माझी हरकत नाही.’

तेरा मेला सकाळी अनंतराव हृदयविकारानं गेले. मोनाली त्यांच्या अंत्यविधीला गेली होती. आणि अकरा मेला हेच अनंतराव तिला फोनवर म्हणाले होते, "पोरी, हे मॉडेल मी पास करत नसतो. कारणं लिहून पाठवतो, सावकाश वाच."

अकराचा नकार, बाराचा होकार. एका रात्रीत असं काय झालं असावं?

छत्तीसगडच्या नवा रायपूरमधल्या रसायन-आरोग्य मूल्यमापन केंद्रात मोनाली तांत्रिक अधिकारी होती. काम एका गावाचं होतं, पण साधं नव्हतं. अभनपूरच्या पुढे गोंदलडीह म्हणून गाव आहे. गावाला लागून क्रोमियमची रसायनं करणारा कारखाना, आणि गावातल्या हातपंपांचं पाणी पिवळसर. ते पाणी पिऊन माणसाच्या पोटात रोज किती क्रोमियम जातं आणि त्यातून किती धोका होतो, याचा हिशेब मांडणारं मॉडेल केंद्रानं केलं होतं. उत्तर एका आकड्यात यायचं. आकडा एकच्या आत असला तर पाणी चालेल. एकच्या वर गेला तर हातपंप बंद, गावाला दुसरं पाणी आणि कारखान्याची तपासणी.

मॉडेलचा आकडा आला होता शून्य पूर्णांक आठ.

नियम असा, की असं मॉडेल वापरायच्या आधी बाहेरच्या तीन तज्ज्ञांनी त्याची पद्धत तपासायची. तिघांनी एकमेकांचं मत पाहायचं नाही. एकानंही ‘पद्धत चुकीची’ असं कारणांसह लिहिलं, तर मॉडेल परत. भोपाळ आणि हैदराबादच्या तज्ज्ञांनी किरकोळ सूचना देऊन होकार कळवला होता. तिसरे अनंतराव. विषशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर.

दुपारी संचालक ठोंबरे सरांनी तिला बोलावलं. डॉ. अनिमेष ठोंबरे मुलीच्या लग्नासाठी तेरापासून जबलपूरला होते, आज सतरा तारखेला जेवणाच्या सुमारास परत आले होते. केबिनमध्ये अजून मिठाईचे डबे तसेच पडलेले.

"वीस तारखेला गोंदलडीहला जनसुनावणी आहे," ते म्हणाले. "गोषवाऱ्यावर सही करा. ‘तिन्ही तज्ज्ञांनी पद्धत मान्य केली.’ समन्वयक म्हणून तुमची सही लागते."

"मी सही करणार नाही, सर."

ठोंबऱ्यांनी चष्मा काढला. "काय?"

"हे पत्र अनंतरावांचं नाही."

"सही त्यांची आहे?"

"आहे."

"शिक्का आपला?"

"आहे."

"मग?"

मोनालीनं गोषवारा सही न करता त्यांच्याकडे परत सरकवला.

"तीन दिवस देतो," ठोंबरे म्हणाले. "पुरावा आणा, नाहीतर सही करा. आणि एक लक्षात ठेवा, गजभिये. ती फाइल तुमच्या ताब्यात होती. कागद बदललाच असेल, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल."

२

आवक-जावक बघणारे तुळशीराम साहू केंद्रातले सगळ्यात जुने माणूस. डाक उघडायची, शिक्का मारायचा आणि कागद कपाटात ठेवायचा. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता.

"काका, अनंतरावांचं पत्र तुम्हीच घेतलं ना?"

"हव दीदी. उनकी बहू खुद देकर गई थी, बारह तारीख को."

"शिक्का प्रत्येक पानावर मारता की एकाच?"

"सही वाले पन्ना म मारथंव, दीदी. बाकी म काबर?" म्हणजे शिक्का फक्त सहीच्या पानावर, बाकीच्यांवर नाही.

मोनालीनं पत्र उजेडात धरलं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनची चार भोकं होती. पहिल्या दोन पानांना दोनच.

शेवटचं पान एकदा सुटलं होतं आणि पुन्हा दुसऱ्या पानांना जोडलं गेलं होतं. सही खरी, शिक्का खरा, आणि मजकूर मात्र कुणाचा ते ठाऊक नाही. बारा तारखेला मोनाली गावात होती, तेराला स्मशानात, आणि नंतरचे तीन दिवस ते पत्र उघडून वाचायची तिला हिंमत झाली नव्हती. कपाट दिवसभर उघडंच असायचं.

ती थेट उपसंचालक अनुश्री डबीर यांच्या केबिनमध्ये गेली. मोनाली नोकरीला लागली तेव्हा ‘ही मुलगी गावात जाऊन काय करणार’ म्हणणाऱ्यांना अनुश्री मॅडमनीच गप्प केलं होतं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायचा नियमही त्यांनीच भांडून आणलेला.

मॅडमनी भोकं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"पिन काढून कुणी झेरॉक्स काढली असेल, मोनाली. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही."

"पहिल्या पानांना मग चार भोकं का नाहीत?"

मॅडम हसल्या. "तुझं डोकं चालतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुला खरंच संशय असेल तर एवढंच सांगते: मॉडेल कुणी लिहिलं? यशदीपनं. नापास झालं तर नाव कुणाचं खराब होईल?"

यशदीप रामटेके. सव्वीस वर्षांचा, हुशार, रोज डब्यातली भाजी तिच्याबरोबर वाटून खाणारा.

३

ब्राह्मणपाऱ्यात देवळाच्या मागच्या गल्लीत स्कूटर लावून ती दाण्यांच्या घरी पोचली. अनंतरावांची सून रुचिता हिनं दार उघडलं. घरात अजून येणंजाणं चालू होतं. तिनं मोनालीला अनंतरावांच्या खोलीत नेलं.

"दीदी, बाबांना दिसत नव्हतं नीट. ते बोलायचे, मी वहीत उतरवून घ्यायचे, मग खाली बंडूभैयाकडे टाइप करायचं. सही तेवढी त्यांनी केली."

"त्यांनी शेवटी मत बदललं का, रुचिता? खरं सांग."

"मत?" रुचिताचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "सकाळी पाच वाजता उठवलं मला, म्हणाले, एक परिच्छेद राहिला. असा माणूस मत बदलतो?"

तिनं वही काढून दिली. निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात:

‘या मॉडेलमधला माणूस साठ किलो वजनाचा आहे आणि दिवसाला दोन लिटर पाणी पितो. तो माणूस गोंदलडीहमध्ये राहत नाही. मे महिन्यात शेतावर राबणारी बाई पाच लिटर पिते, आणि तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो असतं. हे मी मनाचं सांगत नाही, अहवालाच्याच पान १४ आणि १५ वर मोजमाप दिलं आहे. मॉडेलनं ते वापरलेलंच नाही. शिवाय गाव सकाळी बासी खातं. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, आणि ते पाणी फेकून देत नाहीत, पितात. बासीतलं पाणी कोण मोजणार? पाच लिटर आणि अठ्ठेचाळीस किलो धरले तर आकडा आठ दशांश राहत नाही, अडीच होतो. पद्धत नामंजूर.’

पान १४ आणि १५ वरचं मोजमाप मोनालीचंच होतं. मागच्या उन्हाळ्यात खुणा केलेले लोटे घेऊन ती चौऱ्याऐंशी घरांमध्ये फिरली होती.

जिन्याखाली बंडूचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. त्याला पत्र पक्कं आठवत होतं. "‘बासी’ शब्द चार वेळा टाइप केला, दीदी. मी म्हटलं, सायंसच्या चिठ्ठीत बासी कशी काय? रुचिताभाभी हसल्या."

"फाइल आहे?"

"आठवड्याला सगळं पुसून टाकतो. मशीन लहान आहे."

मोनालीनं पर्समधून केंद्रातल्या पत्राची प्रत काढली आणि काउंटरवरच वाचली. ‘बासी’ एकदाही नव्हती. पण वही कच्ची होती, सहीशिवाय. ठोंबरे सर म्हणतील, म्हाताऱ्यानं टाइप करताना विचार बदलला. आणि बंडूच्या आठवणीवर सरकार चालत नाही.

ती पुन्हा पत्राकडे वळली, आणि दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं: ‘पान २९ वरील तक्ता ६ मधील गृहीतं समाधानकारक आहेत.’

अनंतरावांना पाठवलेली अहवालाची प्रत रुचितानं वरून आणून दिली. मोनालीनं पान २९ उघडलं.

तिथे तक्ता नव्हता. गावाचा नकाशा होता.

४

तक्ता ६ होता पान ३१ वर. मोनालीच्या स्वतःच्या प्रतीतही ३१ वर, भोपाळ-हैदराबादला गेलेल्या प्रतींतही ३१ वर. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या समोर कुठली तरी वेगळीच प्रत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यशदीपच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"यशदीप, अहवालाची नवी प्रत बनली का?"

त्याचा चेहरा पडला. "कौन सी, दीदी?"

"ज्यात तक्ता सहा एकोणतिसाव्या पानावर आहे, ती."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि काही न बोलता संगणकावर एक फाइल उघडली. पान २९. तक्ता ६. मोनालीनं मागे जाऊन पाहिलं. पान १३ नंतर सरळ जुनं पान १६ सुरू होत होतं. मधली दोन पानं, तिचे लोटे, तिची चौऱ्याऐंशी घरं, पुसलेली.

"ही फाइल कधीची?"

"चौदह मई."

चौदा मे. अनंतरावांची राख आदल्या दिवशीच थंड झाली होती. जी प्रत तेव्हा अस्तित्वातच नव्हती, तिच्यातलं पान ते बारा तारखेला कसं वाचणार? पत्राची पहिली दोन पानं त्यांच्या मृत्यूनंतर लिहिली गेली. आता ही नुसती भोकं राहिली नव्हती, पुरावा झाला होता.

पण लिहिली कुणी? ही प्रत ज्याच्या हातात होती, त्यानं. आणि ती बनवली होती समोर बसलेल्या पोरानं.

"माझी पानं का काढली, यशदीप?"

"दीदी, मेरे को जो बोला गया, मैंने वही किया." त्याचा आवाज कापला. "बोले, सर का आदेश है. लंबा हो रहा है, दो पन्ने निकाल दो."

"कोण बोललं?"

यशदीपनं मान हलवली. "मेरा प्रोबेशन चल रहा है, दीदी. मैं नहीं बोल सकता."

"अनंतरावांचं पत्र तू बदललंस?"

"नहीं!" तो उठूनच उभा राहिला. आजूबाजूच्या माना वळल्या. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबासाहेब की कसम, दीदी. मैंने वो चिट्ठी देखी तक नहीं."

मोनालीला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. म्हणूनच तिनं ठेवला नाही. आधी खातरी करायची, मग विश्वास.

५

घरी आईनं, भीमाबाईनं, ताट वाढलं आणि लेकीकडे पाहून म्हणाली, "काहून एवढी गुमसुम? ऑफिसात काही झालं का?"

मोनालीनं सगळं सांगितलं. वडील हिरालाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले. ते ऐकता ऐकता जेवायचे थांबले.

"तू सही नाही केली त काय करतीन ते?"

"बदली करतील. चौकशी लावतील. माझ्यावरच ढकलतील, बाबा."

"मंग?"

"मंग काय. सही नाही करणार."

भीमाबाई म्हणाली, "मले तुयं ते मॉडेल-फॉडेल समजत नाही. पण त्या गावातल्या बायांनी तुले आपल्या चुलीपाशी बसवलं, लोटे मोजू देले. त्यायले तू काय सांगशीन?" आणि तिनं पोळी लेकीच्या ताटात टाकली. "खाय आधी. लढाले ताकद लागते."

जेवणानंतर मोनालीनं तिन्ही पत्रांच्या प्रती ओळीनं मांडल्या. भोपाळचं, हैदराबादचं आणि अनंतरावांच्या नावाचं. पान २९ नं ‘कधी’ हे सांगितलं होतं. ‘कोण’ हेही याच कागदांत असायला हवं होतं, कारण लिहिणाऱ्याला घाई होती आणि घाईत माणूस आजूबाजूचं उचलतो.

अनंतरावांच्या नावाच्या पत्रात एक सूचना होती: ‘गावातील अकरा हातपंपांपैकी प्रत्येकाचा नमुना पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावा.’

अकरा?

गोंदलडीहमध्ये चौदा हातपंप. अहवालात चौदा, नकाशावर चौदा. अनंतराव स्वतः त्या गावात दोनदा जाऊन आलेले.

तिनं हैदराबादचं पत्र ओढलं. तिसरा परिच्छेद: ‘अकरा हातपंपांचे नमुने पावसाळ्यानंतर पुन्हा घेणे इष्ट.’ हैदराबादच्या माणसानं मोजताना चूक केली होती. आणि तीच चूक, त्याच जागी, मेलेल्या माणसाच्या पत्रात उतरली होती.

हैदराबादचं पत्र पंधरा तारखेला तिच्या नावानं आलं होतं. तिनं वाचलं, लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केलं आणि त्याच दिवशी एका माणसाच्या हातात दिलं. त्याची पोचही घेतली होती.

पोच तिच्याजवळ होती. तिनं ती काढली, सहीवर नजर टाकली आणि उद्याच्या कागदांत सगळ्यात खाली ठेवली.

६

एकोणीस तारखेला अकरा वाजता संचालकांच्या केबिनमध्ये चौघं होते. ठोंबरे सर, अनुश्री मॅडम, यशदीप आणि मोनाली. यशदीप दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता.

"बोला," ठोंबरे म्हणाले.

मोनालीनं आधी चार भोकं दाखवली. मग दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, एकीत पान २९ वर नकाशा, दुसरीत तक्ता. "ही दुसरी प्रत चौदा तारखेला बनली, सर. अनंतराव तेराला गेले. म्हणजे पत्राची पहिली दोन पानं खोटी आहेत. याला सही किंवा शिक्का लागत नाही, मोजता आलं म्हणजे पुरे."

ठोंबऱ्यांनी स्वतः पानं उलटून पाहिली. दोनदा. "पुढे."

"लिहिणाऱ्याकडे दोन गोष्टी होत्या. चौदा तारखेची नवी प्रत, आणि हैदराबादचं बंद पत्र, कारण त्यातली अकरा हातपंपांची चूक जशीच्या तशी इथे आली आहे. दोन्ही गोष्टी कुणाकडे होत्या, एवढंच बघायचं. रुचिता दाणीकडे दोन्ही नव्हत्या. यशदीपकडे नवी प्रत होती, पण हैदराबादचं पत्र त्याला दाखवायचंच नसतं, मॉडेल त्याचं म्हणून. माझ्याकडे हैदराबादचं पत्र होतं, पण नवी प्रत मी काल पहिल्यांदा पाहिली. यशदीपला विचारा."

"ये सच है, सर," यशदीप पुटपुटला.

"आणि मी?" ठोंबऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही तेरा ते सतरा जबलपूरला होतात. सतराला सकाळी मी फाइल उघडली तेव्हा पत्र बदललेलं होतं. तुम्ही आलात दुपारी." मोनालीनं पोच टेबलावर ठेवली. "तुमचा प्रभार ज्यांच्याकडे होता, त्यांना मी पंधरा तारखेला हैदराबादचं पत्र दिलं. यशदीप, आता सांग. नवी प्रत तू कुणाला दिलीस?"

यशदीपनं वर पाहिलं. ‘प्रोबेशन’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि गेला. "अनुश्री मॅडमला," तो स्पष्ट मराठीत म्हणाला. "त्यांनीच सांगितलं पानं काढायला. म्हणाल्या, सरांचं म्हणणं आहे."

"मी असं काही म्हटलं नव्हतं," ठोंबरे सावकाश म्हणाले.

पंखा फिरत होता. अनुश्री मॅडमनी नाकारलं नाही. त्यांनी ओढणी सारखी केली आणि मोनालीकडे पाहिलं, जणू खोलीत दोघीच होत्या.

"दोन लिटर, साठ किलो," त्या म्हणाल्या. "ही पद्धत मी बसवली, बारा वर्षांपूर्वी. या एका पद्धतीवर आपण एक्केचाळीस गावांचे अहवाल दिलेत. एक्केचाळीस, मोनाली. गोंदलडीहमध्ये ती चुकली म्हटलं, की सगळीकडे चुकली. लोक विचारतील, इतकी वर्षं आम्ही काय प्यायलो? केंद्रावर कोण विश्वास ठेवेल? कारखान्यावर नजर ठेवणारं हे एवढंच एक दार आहे, तेही बंद होईल. मी कारखान्याला वाचवायला निघाले नव्हते."

"मला माहीत आहे, मॅडम."

"मग तरी तुला कळायला हवं होतं."

"मला एवढंच कळतं," मोनाली म्हणाली, "की तपासणीचा नियम तुम्ही आणला. चूक असेल तर दुसऱ्यानं दाखवावी म्हणून आणला. अनंतरावांनी दाखवली. आणि तुम्ही ती त्यांच्याच सहीखाली पुरली."

"एक्केचाळीस गावं उघडायची तुझी तयारी आहे?"

"आहे."

"एकटीची?"

"एकटीची असली तरी."

अनुश्री मॅडम उठल्या. दाराशी थांबून त्यांनी ठोंबऱ्यांना सांगितलं, "मूळ पानं माझ्या कपाटात आहेत, सर. फाडायला हात धजावला नाही." आणि बाहेर गेल्या.

ज्या बाईनं तिला या केंद्रात उभं केलं, तिची पाठ मोनाली बघत राहिली. जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

७

वीस तारखेला गोंदलडीहच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कारखान्याचे दोन अधिकारी पुढच्या खुर्च्यांवर, मागे गाव. बायका पदर डोक्यावर ओढून जमिनीवर बसलेल्या. त्यांतल्या अनेकींनी मोनालीला पाहून मान हलवली.

सकाळी वरून ठोंबऱ्यांना फोन आला होता. विषय अंतर्गत आहे, चौकशी होईपर्यंत अनंतरावांचं पत्र जाहीर वाचू नये. गाडीत त्यांनी तिला ते सांगितलं होतं.

मोनाली माईकपाशी गेली. तिच्या हातात अनुश्री मॅडमच्या कपाटातून निघालेली मूळ पानं होती.

"गजभिये," ठोंबरे मागून हळूच म्हणाले, "तुम्हाला सांगितलंय."

"हो सर, ऐकलं मी," ती म्हणाली आणि वाचायला लागली. आधी मराठीत एक ओळ, मग तीच हिंदीत, मग तिला येत होती तेवढ्या छत्तीसगढीत. माणूस साठ किलोचा. पाणी दोन लिटर. तो माणूस इथे राहत नाही.

बासीच्या परिच्छेदाशी कारखान्याचा एक अधिकारी उठला. "हे काय चाललंय? हा अधिकृत गोषवारा नाही. माईक बंद करा!"

माईक बंद झाला.

मोनालीनं कागद खाली केला नाही. आवाज चढवला. मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढे सरकल्या, खुर्च्यांच्याही पुढे, आणि तिच्यासमोर येऊन बसल्या. एका म्हातारीनं त्या अधिकाऱ्याकडे नुसतं वळून पाहिलं. तो बसला. आकडा अडीच आहे, हे मोनालीनं तीन भाषांत सांगितलं. ‘पद्धत नामंजूर’ हे शेवटचे शब्द वाचून सहीचं नावही वाचलं: अनंतराव दाणी.

मग ठोंबरे उठले. सगळ्यांना वाटलं, आता हे थांबवतील. ते म्हणाले, "या अभिप्रायाला केंद्राची मान्यता आहे. मॉडेल परत घेतलं आहे. उद्यापासून हातपंप बंद आणि टँकर सुरू."

पुढच्या आठवड्यात अनुश्री डबीर यांच्यावर चौकशी बसली आणि त्यांनी लेखी कबुली दिली. आदेश मोडून जाहीर वाचन केलं म्हणून मोनालीलाही कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिनं उत्तरात एकच ओळ लिहिली: ‘होय, वाचलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाचीन.’ उत्तराबरोबर तिनं आणखी एक टिप्पणी जोडली. एक्केचाळीस गावांची नावं, प्रत्येकापुढे अहवालाची तारीख आणि त्यावर सही कुणाची ते. मागणी: सगळे अहवाल पुन्हा तपासावेत, बाहेरच्या तज्ज्ञांकडून.

ठोंबऱ्यांनी टिप्पणी वाचली. बोटानं यादी खालपर्यंत मोजली.

"यातल्या एकोणीस अहवालांवर माझी सही आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"सह्यांचा रकाना काढता येणार नाही?"

"नाही, सर."

ती तशीच उभी होती, टेबलासमोर, हात मागे न बांधता. बाहेर तुळशीरामकाका कुणाला तरी फोनवर गावाचा पत्ता विचारत होते.

मग ठोंबऱ्यांनी पेन उघडलं, ‘मंजूर’ लिहिलं आणि त्याखाली विसावी सही केली.